वाटकणंग

सरांचं नाव मी या प्रकरणात लिहिणार नाही. कुणी म्हणेल, म्हातारपणी भीड वाटली असेल. कसली भीड आलीय? त्यांनी माझ्या अव्वाचं, म्हणजे आईचं, नाव त्यांच्या पुस्तकात घातलं नाही, मी त्यांचं माझ्या पुस्तकात घालत नाही, एवढाच हिशेब आहे. अव्वाचं नाव मात्र पहिल्याच पानावर लिहून टाकते, म्हणजे पुढं राहायला नको. तिचं नाव लक्ष्मी. शाळेत कधी गेली नाही, सही यायची नाही, आणि जोयड्याच्या रानात जमिनीखाली काय काय पिकतं हे तिच्याइतकं ठाऊक असलेलं माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितलं नाही.

आमचं घर नंदिगड्ड्याच्या पलीकडं, ओढा ओलांडून दोन टेकाडं चढल्यावर. सात घरं होती, आता चार आहेत. बाबा बांबू तोडायच्या कामावर जायचे आणि पावसात मळीतलं भात बघायचे. ते बोलायचे कमी. बोलायचं काम अव्वाकडं. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, परड्यातल्या वेलांशी तर भांडायचीच. परडं म्हणजे घरामागची वाफ्यांची जागा. तिथं कोनफळं, काटेकणंगी, सुरण, करांदे आणि अळवाचे हातभर लांब गड्डे, असं सगळं तिनं लावलेलं असायचं. कणंग म्हणजे रताळ्यासारखं, वेलाखाली येणारं गड्डं. थंडीत गड्डी काढायला सुरुवात झाली की घरभर ओल्या मातीचा वास. सकाळी पेजेबरोबर राखेत भाजलेलं गड्डं, वर तांबड्या मुंग्यांची चटणी. ती चटणी पुढं मी शहरातल्या कितीतरी लोकांना खाऊ घातली. पहिला घास घेताना सगळे डोळे मिटतात आणि दुसरा मागून घेतात.

आमच्यात एक रीत आहे. गड्ड्याचं बी कुणी कुणाला विकत देत नाही, मागितलं की देतात. पण लावताना, माती लोटायच्या आधी, ज्याच्या घरचं बी त्याचं नाव तोंडानं घ्यायचं. 'हे रुक्मिणीकाकीच्या घरचं', 'हे वरच्या आज्ज्याच्या घरचं'. दहा वर्षांपूर्वी आणलेलं असलं तरी नाव घ्यायचं, देणारं माणूस वारलेलं असलं तरी घ्यायचं. नाव न घेता लावलेलं गड्डं घशाला खाजतं, असं अव्वा सांगायची. लहानपणी मी एकदा घाईत नाव न घेताच माती लोटली, तर तिनं मला ते परत उकरायला लावलं होतं. ही रीत ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शाळा नंदिगड्ड्याला. वाट रानातली, पावसात जळवांची. पहिलीत मी रोज रडायची. दुसऱ्या टेकाडावर बसकण मारायची आणि पाय आपटायची. अव्वा मारायची नाही. एक दिवस ती माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "शेवंते, ह्या वाटंवर एक कणंग हाय. वाटकणंग म्हणत्यात तिला. गुळावानी गोड. खरं ती सगळ्यास्नी दिसत न्हाई. जो रोज ह्या वाटंनं जातोय, एक दीस चुकवत न्हाई, त्यालाच दिसती."

"तू बघितलीस?"

"मी कुठं शाळंला गेले गे? तू बघ आन् मला सांग."

सात वर्षं मी ती वाट चालले ती त्या कणंगीसाठी. तापात गेले, ओढ्याला पाणी असताना बाबांच्या खांद्यावर बसून गेले. कधीतरी चौथी-पाचवीत कळलं की असली कणंग नाही, आईनं रचलेली आहे. कळलं, पण मी तिला तसं म्हटलं नाही. घरी आले की ती विचारायची, "दिसली काय गे?" आणि मी म्हणायची, "आज न्हाई, उद्या दिसंल." आम्हा दोघींचा तो खेळच होऊन बसला. हायस्कूलला वसतिगृहात गेले, मग दोन बस बदलून कॉलेजला गेले, तरी सुट्टीला आले की दारातच तिचा तोच प्रश्न.

कॉलेज कुठलं तेही सांगत नाही. वनस्पतीशास्त्र घेतलं, कारण वर्गात तेवढंच मला आधीपासून येत होतं. सर तेव्हा तिशी ओलांडलेले असतील. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, फळ्यावर चित्र काढायचे तर बघत राहावं. मी कुठली हे कळल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "तुमच्या भागात कंदांच्या किती जाती असतील?" मी बोटं मोजायला लागले, सतरावर आल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यांनीच सुचवला: सुट्टीत जा आणि सगळं लिहून आण. सोनं मिळाल्यासारखी मी घरी पळाले.

ती सुट्टी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची, हे आजही म्हणेन. अव्वा पुढं, मी वही घेऊन मागं. ती उकरायची, मी लिहायची. कुठलं गड्डं कुठल्या उतारावर, पान कसं, वेल कुठल्या अंगानं चढतो, कुठलं नुसतं भाजून चालतं आणि कुठलं राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. एकेचाळीस नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीखाली मी रीतीप्रमाणं लिहिलं: बी कुणाच्या घरचं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चुलीपाशी बसून वही वाचून दाखवत होते. बाबाही ऐकत होते. संपल्यावर अव्वा म्हणाली, "आन् वाटकणंग? तिला इसरलीस व्हय?"

आम्ही हसून हसून लोळलो. मग तीच सांगायला लागली आणि मी शास्त्राच्या भाषेत लिहायला लागले. एका पेऱ्यावर तीन पानं. देठ तांबूस. वेल अर्ध्यापर्यंत उजवीकडून चढतो आणि मग डावीकडून, कारण आमची शाळेची वाटही अशीच आधी उजवीकडं आणि मग डावीकडं वळते. खरं तर कणंगीचा कुठलाही वेल आपली बाजू कधी बदलत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. चव मधासारखी. बी: अव्वाच्या घरचं. "सही कर," मी म्हटलं. तिनं राखेत अंगठा बुडवला आणि पानाच्या खाली उठवला. ते पान मी फाडणार होते. मग ठरवलं, तोंडी परीक्षेला सरांना दाखवून हसवू आणि मग फाडू.

वही सरांनी घेतली ती परीक्षेच्या महिनाभर आधी. "नीट वाचून देतो," म्हणाले. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही मागितली. मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "हिनं काही दिलेलं नाही." मला वाटलं विसरले. मी म्हटलं, "सर, तपकिरी कव्हरची, तुमच्या कपाटात." त्यांनी परीक्षकांकडं बघून मान हलवली, खेड्यातल्या पोरींचं हे असंच असतं अशा अर्थाची. निकालाच्या कागदावर आलं: प्रकल्प सादर नाही. मी नापास झाले. आमच्या सात घरांतली कॉलेजला गेलेली पहिली पोर नापास होऊन ट्रंक घेऊन टेकाड चढून आली.

अव्वानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "वही त्याच्याकडं हाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे. गड्डं उकरायला घाई करायची न्हाई," असं म्हणून ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

ते वर्ष मी वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीनं पिशव्या भरल्या. हात मातीत आणि डोक्यात सर. लोक आपल्या आत्मचरित्रात विद्येची ओढ वगैरे लिहितात. माझं तसं काही नव्हतं. पुढच्या वर्षी दुसराच प्रकल्प करून पास झाले ती सुडानं, एम.एस्सी. केलं ते सुडानं, मुलाखतीला दुसऱ्याची साडी नेसून गेले आणि अधिव्याख्याती झाले तीही सुडानंच. रोज सकाळी उठून मनात म्हणायची, हा माणूस अजून खुर्चीत बसलेला आहे. त्यानं मला अंथरुणातून उठवलं, हे त्याचे उपकार. पहिली नोकरी दूरच्या जिल्ह्यात. तिथल्या ग्रंथालयात एके दिवशी नवीन पुस्तकांच्या गठ्ठ्यात सरांचं पुस्तक निघालं. आमच्या रानातल्या कंदांवर. उभ्याउभ्याच चाळलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस. माझी वाक्यं, माझी चित्रं, फक्त कुणाच्या घरचं बी ती ओळ सगळीकडून खरवडून काढलेली. आणि शेवटी, बेचाळिसावी: वाटकणंग. तीन पानं, तांबूस देठ, बाजू बदलणारा वेल. 'हा दुर्मिळ कंद मी स्वतः जोयड्याच्या अरण्यात खणून, भाजून खाल्ला आहे. चव मधासारखी.'

मी तिथंच खाली बसले. ग्रंथपाल पाणी घेऊन धावले. त्यांना वाटलं चक्कर आली. मला हसू आवरत नव्हतं. चोरानं सगळं घर धुऊन नेलं होतं आणि जाताना बाहुलीलाही खरं बाळ समजून उचललं होतं.

त्या दिवसापासून मी वाट बघायला लागले. वीस-बावीस वर्षं. या काळात मी शेकडो पोरांच्या वह्या तपासल्या आणि एकूण एक वही ज्याची त्याच्या हातात परत दिली. सर मोठे होत गेले, शाली मिळत गेल्या. मग आमच्याच तालुक्यात गड्ड्यांचा मेळा भरायला लागला. बायका आपापली गड्डी घेऊन मांडवात बसतात, मोठमोठी माणसं येतात. एका वर्षी पाहुणे म्हणून सर येणार, असं कळलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी रजा काढून घरी आले. बाबा तोवर गेले होते. अव्वा सत्तरीची, पण मेळ्याला गड्डी घेऊन जायची तयारी चाललेली. मी तिला सगळं समजावलं. मी भर मांडवात विचारणार, वाटकणंग दाखवा. मग तुला बोलावणार. तू एवढंच म्हणायचंस, असली कणंग नाही, ती मी माझ्या लेकीला शाळेला धाडायला रचली.

"बघू गे," अव्वा म्हणाली आणि करांदे पुसत राहिली.

ठरल्याप्रमाणं झालं. सरांचं भाषण संपलं, मी उठले. माझे केस पिकलेत, मला चष्मा आहे, त्यांनी मला ओळखलं नाही. मी पुस्तकातलं ते पान मोठ्यानं वाचलं. बाजू बदलणारा वेल जगात दुसरा नाही, तेव्हा सरांनी तो एकदा सगळ्यांना दाखवावा, असं म्हटलं. सरांचा चेहरा पडला. आजही तो चेहरा मी कधी कधी मुद्दाम आठवते. "तो... फार दुर्मिळ आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग इथल्या जाणत्या बाईंनाच विचारू." आणि अव्वाच्या हातात माइक दिला. अव्वानं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. मग पदर सावरून म्हणाली, "हाय की. वाटकणंग हाय. साहेबांनी खाल्ली म्हणत्यात न्हवं? मग हायच."

टाळ्या पडल्या. सरांच्या तोंडावर रंग परत आला. संयोजक उठून म्हणाले, पुढच्या वर्षी सरांनी तो कंद इथं प्रदर्शनात मांडावा. आणि सर, सुटलेल्या माणसाच्या जोशात, सगळ्यांदेखत हो म्हणाले.

घरी येऊन पडवीत बसले आणि माझं तोंड सुटलं. जन्मात आईला बोलले नव्हते ते बोलले. तीस वर्षं मी जपून ठेवलेलं एका शब्दानं घालवलंस, म्हटलं. अव्वानं सगळं ऐकलं, चुलीतलं गड्डं काढलं, दोन्ही हातांनी मोडून अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

"न्हाई म्हटलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "मानसं हसली असती. हा गाडीत बसून गेला असता. चार दिवसांनी जेवला असता, झोपला असता. आता बघ. त्यानं खाल्लं न्हाई, बघितलं न्हाई, हे त्याला एकट्याला ठाव हाय. आन् मी हाय म्हटलंय. आता हुडकू दे."

ज्या बाईला मी साधी समजत होते तिच्यापुढं मी अजून पहिलीतच होते.

सर आले. वेल पावसात दिसतो, म्हणून पावसातच आले, छत्री घेऊन, दोन विद्यार्थ्यांबरोबर. मी त्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी परतले होते. मांडवात प्रश्न विचारणारी ती या घरची लेक, एवढं ते ओळखून होते, त्याच्या मागचं काही नाही. अव्वाला 'आई' म्हणाले. अव्वानं गुळाचा चहा दिला आणि विचारलं, "साहेब, आमच्या शेवंतीची एक वही होती ओ. कॉलेजात दिलेली. तुमच्याकडं हाय काय?"

"कुठली वही?" सर म्हणाले.

"असू दे," अव्वा म्हणाली. "नंदिगड्ड्याच्या वरच्या उतारावर बघा. तिथं दिसती म्हणत्यात."

रात्री ती मला म्हणाली, हो म्हटला असता तर सोडला असता. खरोखर सोडला असता, एवढी मी तिला ओळखते. पण ते हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या वर्षी आले, तिनं पुन्हा तेच विचारलं, त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग तिनं त्यांना कुळगीच्या अलीकडच्या ओढ्याकडं धाडलं. तिकडं राखीव जंगल, जायची परवानगी काढण्यातच त्यांचा अर्धा पावसाळा गेला. तिसऱ्या वर्षी घसरून गुडघा गेला. विद्यार्थी यायचे बंद झाले. मेळ्याला ते दर वर्षी पुढच्या वर्षीचा वायदा करायचे आणि लोक गालात हसायचे. जळवांनी पिंढऱ्या भरलेला तो माणूस आमच्या पडवीत मीठ लावत बसलेला असायचा आणि आत अव्वा मला हळूच विचारायची, "यंदा कुठं धाडू गे?" आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. इथं मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. थोडंसुद्धा नाही.

अव्वा दोन वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी सकाळीही तिनं परड्यात दोन कोनफळं लावली, नावं घेऊन लावली. जायच्या आधी मला म्हणाली, "त्यो येईल. इचार त्याला. दर वर्साला इचारायचं, चुकवायचं न्हाई."

मधल्या काळात ते ना मेळ्याला आले ना रानात, आले ते परवाच्या आषाढात. काठी टेकत, एकटेच, टेकाडाच्या पायथ्याशी गाडी सोडून. अव्वा गेल्याचं कळल्यावर टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. ते खरं होतं, मी नाकारत नाही. मी चहा केला. ते म्हणाले, "तुमच्या आई शेवटचा माणूस होत्या, ज्यांना ठाऊक होतं. तुम्हाला काही सांगून गेल्या का? मला आता फार वर्षं नाहीत हो. एकदा बघायचाय." आवाज कापरा. मी त्यांच्या चहात आणखी एक गुळाचा खडा टाकला, हे लिहिते, लपवत नाही. मी म्हटलं, "सर, माझी एक वही होती."

"कुठली वही?" ते म्हणाले, आणि बोलता बोलता पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काही काढलं. "हे बघा, पानाचा आकार नक्की असाच ना? माझी जुनी टिपणं आहेत."

तपकिरी कव्हर. नावाची चिठ्ठी होती तिथं खरवडल्याची खूण. शेवटचं पान उघडलेलं. माझ्या विशीतलं गोल अक्षर, तीन पानांचं चित्र, आणि खाली राखेचा अंगठा, चाळीस वर्षांनी फिका पडलेला, पण रेषा न् रेषा दिसत होती. मी हात पुढं केला आणि त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. सरांना वाटलं मी चित्र बघतेय.

"ही टिपणं तुमचीच?" मी विचारलं.

"माझीच. तरुणपणीची."

ते खरोखर विसरले असतील का, यावर मी नंतर खूप विचार केला. असतील विसरले. इतक्या वर्षांत खोटं माणसाच्या अंगवळणी पडतं. पण मग अव्वाचा अंगठा त्यांना कुणाचा वाटत होता? वही ओढून घेणं अवघड नव्हतं. त्यांच्या हातात ताकद नव्हती, आणि मी अजून कुदळ चालवते. माझा हात तिच्यावरच होता.

मी हात काढून घेतला. त्यांच्या पायावरची जळू मीठ टाकून सोडवली. प्लॅस्टिक नीट गुंडाळून वही त्यांच्या पिशवीत ठेवली, पावसात भिजू नये म्हणून. एवढ्या रानात वहीशिवाय ते हुडकणार कसे?

"व्हय, सांगून गेली अव्वा," मी म्हटलं. "बाजारकुणंग गावाच्या वरच्या रानात बघा, सर. चढण मोठी हाय. खरं तिथं नक्की दिसंल."